फळी पायाखालून का निसटते?

विश्रामबागेतील आमच्या कॉलनीत संध्याकाळी काही मुले स्केटबोर्ड घेऊन जमतात. परवा आठवीतल्या एका मुलाने फळीवर दुसरा पाय ठेवला मात्र, फळी पुढे पळाली आणि स्वारी पाठीवर! डोक्यावर हेल्मेट होते म्हणून निभावले. "सर, रस्ताच गुळगुळीत आहे," तो म्हणाला. दोष रस्त्याचा नव्हता. न्यूटनचा तिसरा नियम तो विसरला होता.

समजा, मुलाचे वस्तुमान ५० किलोग्रॅम व फळीचे २.५ किलोग्रॅम आहे. चाकांत बॉल बेअरिंग असल्याने फळीच्या लांबीच्या दिशेने घर्षणाचा अडथळा अगदी थोडा असतो. भीतीने अंग मागे गेले की पाय फळीला पुढे ढकलतात. दोघांचे संवेग सारखे, पण विरुद्ध दिशांना. फळीचे वस्तुमान विसावा हिस्सा, म्हणून तिचा वेग वीसपट! शरीर सेकंदाला १० सेंटिमीटर मागे सरकले, तर फळी २ मीटर वेगाने पुढे जाईल. म्हणून सुरुवातीला भार पुढच्या पायावर ठेवावा आणि मागच्या पायाने जमिनीला हलकेच रेटा द्यावा.

दुसरी गोष्ट गुडघ्यांची. गुडघे वाकवले की गुरुत्वमध्य खाली येतो व तोल सावरणे सोपे जाते. शिवाय वाकलेले गुडघे स्प्रिंगसारखे काम करून रस्त्याचे हादरे सोसतात. मात्र चाकाखाली खडा अडकला, तर फळी थांबते आणि जडत्वामुळे शरीर पुढे जाते. तेव्हा खेळण्याआधी जागा झाडून घ्यावी.

आता वळण. या फळीला हँडल नाही, मग ती वळते कशी? चाकांचे आस ज्या सांगाड्यावर बसवलेले असतात, त्याला 'ट्रक' म्हणतात. त्याच्या फिरण्याचा अक्ष तिरपा असतो. त्यामुळे फळी एका बाजूला कलली, की पुढचा आस एका दिशेला आणि मागचा उलट दिशेला वळतो. ट्रकचा नट सैल असेल तर फळी चटकन वळते, पण जास्त वेगात डगमगते.

वळताना किती कलावे? सायकलचेच सूत्र येथेही लागू पडते: tan θ ऐवजी आपण सोप्या शब्दांत म्हणू, कोनाची स्पर्शज्या = वेगाचा वर्ग ÷ (त्रिज्या × ९.८). सेकंदाला ३ मीटर वेग व ३ मीटर त्रिज्या असेल, तर कोन सुमारे १७ अंश येतो. वेग दुप्पट केला, तर तो ५१ अंशांवर जातो! कोन तेवढाच ठेवायचा, तर त्रिज्या चौपट, म्हणजे १२ मीटर हवी. म्हणून वळणाआधीच वेग कमी करावा.

टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ साली भरलेल्या) या खेळाचा प्रथमच समावेश झाला. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने सुवर्णपदक पटकावले. तिलाही नियम हेच होते!

तुम्हीही करून पाहा. हेल्मेट घालून फळी प्रथम गवतावर ठेवा. तेथे ती पळत नाही. गुडघे वाकवून, भार पुढे-मागे व डावी-उजवीकडे नेऊन फळी कशी कलते ते पाहा. मग रहदारी नसलेल्या सपाट अंगणात खडूने ३ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि सावकाश त्यावरून जा. आमचा आठवीतला गडी सध्या गवतावरच आहे, पण फळी आता त्याचे ऐकू लागली आहे.