पडद्यावरचा रोहित

चाकणच्या कारखान्यांत पाळी करणारी काही मुलं थंडीत सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन भिगवणला रोहित पक्षी टिपायला निघतात. फोटो मुक्कामीच सुधारायचे, तर स्वस्तातला लॅपटॉप हवा. दुकानदार प्रोसेसरचं कौतुक करतो. पडद्याबद्दल अवाक्षर नाही. ‘४५ टक्के एनटीएससी’चा पडदा रंग फिके दाखवतो. मुलगा गुलाबी वाढवतो, आणि छापलेला रोहित भडक निघतो! पडदा आयपीएस, जवळजवळ १०० टक्के एसआरजीबीचा घ्यावा, रॅम १६ जीबी, काटकसर इतरत्र.

आणि तो ‘शून्य टक्के’ हप्ता! आम्हा बँकवाल्यांना त्याचं हसू येतं. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बजावलं होतं. कंत्राट अकरा महिन्यांचं, हप्ते अठरा महिन्यांचे. तेव्हा रोखीनं किती सूट, हे आधी विचारावं.