गेम खेळताना संगणक बंद पडतो? आधी कारण शोधा!

मुले संगणकावर गेम खेळू लागली की पडदा गोठतो, माउस हलत नाही, कधी यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. मग मुलाला बोलणी बसतात आणि दुरुस्तीवाला 'ग्राफिक्स कार्ड गेले' म्हणून हजारोंचा आकडा सांगतो. पै पै जमवून घेतलेल्या वस्तूवर असा अंदाजपंचे खर्च का करावा? आमचे सांगणे एवढेच की, कारण कळल्याशिवाय पैसे देऊ नका.

फॉर्म भरताना किंवा टायपिंग करताना संगणकाला फारसे श्रम पडत नाहीत. गेममध्ये मात्र प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि वीजपुरवठा या साऱ्यांवर एकदम भार येतो. एरवी झाकलेला दोष तेव्हा उघडा पडतो.

प्रथम एक वही करा. कोणता गेम, किती मिनिटांनी बंद पडला, पडद्यावर कोणता संदेश आला, ते तारखेसह लिहा. हिशेबातली चूक आम्ही कारकून मंडळी नोंदींवरूनच पकडतो. इथेही तसेच आहे. एकच गेम बंद पडत असेल, तर त्याच्या फायली किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर यांवर संशय घ्यावा. दर वेळी वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडत असेल, तर उष्णतेवर. निळा पडदा येत असेल, तर रॅम किंवा ड्रायव्हरवर. काहीच संदेश न देता यंत्र एकदम बंद होत असेल, तर उष्णता किंवा एसएमपीएसवर.

आता बिनखर्चाचे उपाय आधी करू. प्लग काढून कॅबिनेट उघडा आणि पंख्यांवरची धूळ मऊ ब्रशने झाडा. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा बंद कपाटात ठेवू नका. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. प्रोसेसरचे तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले की तो आपला वेग कमी करतो आणि त्याहून वाढले तर यंत्र बंद होते.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' ही तपासणी फुकट आहे. ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत जागेवरूनच घ्या. नव्या ड्रायव्हरनंतर त्रास सुरू झाला असेल, तर जुना परत आणा. चोरीच्या गेमबरोबर व्हायरस येतात, ते टाळा.

एसएमपीएस स्वस्तातला असला तर ग्राफिक्स कार्डाने जास्त वीज ओढताच तो दम तोडतो. ओळखीच्याकडचा पुरेशा वॅटचा चांगला एसएमपीएस जाणकाराकडून लावून पाहावा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते.

दोष एकीकडे आणि आळ दुसरीकडे, असे मोठ्या कंपन्यांच्या मालातही घडते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम बंद पडत आणि 'व्हिडिओ मेमरी अपुरी' असा संदेश येई. लोकांना वाटे, कार्ड बिघडले. दोष प्रोसेसरमध्ये निघाला. त्याला प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही सुधारणा बायोस अद्ययावत केल्याने मिळते; बिघडलेला प्रोसेसर मात्र तिने दुरुस्त होत नाही, तो वॉरंटीतून बदलून घ्यावा लागतो.

एका वेळी एकच बदल करा, मग तोच गेम तेवढाच वेळ चालवून पाहा. दोन बदल एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही.

'फॉरमॅट मारू' असे कोणी म्हणाले, तर आधी गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचे कागद पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. गेम पुन्हा मिळेल. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हरवलेला कागद मिळणार नाही.

ही तपासणी मुलांकडूनच करून घ्या. दुकानात जाताना वही बरोबर न्या आणि 'हा भाग बदला' असे कोणी म्हणाले, तर शांतपणे विचारा, 'कशावरून?'