पौरुषग्रंथीची बायॉप्सी : वैद्याचे पूर्वकर्म व पश्चात्कर्म

सुश्रुताचार्यांनी कर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले आहेत. पौरुषग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, बायॉप्सीत प्रधानकर्म शल्यचिकित्सकाचे असले तरी त्याआधीच्या व नंतरच्या शंका घेऊन रुग्ण पुष्कळदा आपल्याकडेच येतो.

या ग्रंथीच्या वृद्धीची तुलना आपण वाताष्ठीलेशी करतो. परंतु वृद्धी साधी की कर्करोगजन्य, हे केवळ लक्षणांवरून ठरत नाही. पीएसए वाढलेले असेल किंवा गुदपरीक्षणात ग्रंथी कठीण लागली असेल आणि बायॉप्सीचा सल्ला मिळाला असेल, तर ‘आधी आमचे औषध घेऊन पाहा’ असे सांगून काळ दवडणे योग्य नव्हे.

पूर्वकर्म : रुग्णाच्या सर्व औषधांची यादी, आपल्या कल्पांसह, शल्यचिकित्सकास द्यावी. लसूण व गुग्गुळ यांचा रक्त गोठण्यावर परिणाम होण्याची शक्यता असल्याने ते कधी थांबवावेत हे विचारून घ्यावे. अ‍ॅस्पिरिन, वॉरफरिन यांसारखी औषधे मात्र आपण परस्पर बंद करू नयेत. मूत्रदाह किंवा ज्वर असल्यास तो आधीच कळवावा. प्रतिजैविके दिली असल्यास ती ठरल्याप्रमाणे घेण्यास सांगावे.

प्रधानकर्म : सोनोग्राफीच्या साहाय्याने, बहुधा स्थानिक भूल देऊन, सुईने साधारण 10 ते 12 सूक्ष्म तुकडे घेतात. मार्ग गुदाचा असतो किंवा वृषण व गुद यांमधील त्वचेचा. दुसऱ्यात जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो.

पश्चात्कर्म : काही दिवस मूत्रात व मलात थोडे रक्त, तर शुक्रात काही आठवडे लालसर वा तपकिरी छटा दिसू शकते. हे आधीच सांगितल्यास रुग्ण घाबरत नाही. आहार लघु असावा, मलावष्टंभ होऊ देऊ नये. जड ओझे व सायकल काही दिवस टाळावी. गुदमार्गे बायॉप्सी झाली असल्यास तेथे ताजे व्रण असतात. म्हणून शल्यचिकित्सकाच्या अनुमतीवाचून बस्ती देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे ज्वराविषयी. थंडी वाजून ताप आला किंवा तो 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला, तर तो लंघन-पाचनाचा विषय नव्हे. जंतुसंसर्ग रक्तात पसरून काही तासांत प्राणसंकट ओढवू शकते. मूत्र अडणे, रक्ताच्या गाठी पडणे व रक्तस्राव न थांबणे यांतही रात्र असली तरी रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

अहवालात कर्करोग न आढळला तरी पाठपुरावा सोडू नये. सुईतून निसटलेला भाग तपासला जात नाही. योग्य वेळी रुग्णास पुढे पाठविणे हेही आपल्या चिकित्सेचेच अंग आहे, असे आम्ही मानतो.