चार्जिंगची खोबण तुटली म्हणून दिवा भंगारात टाकू नका

वीज गेली की मागाजवळ, शिलाई मशीनवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर आता कंदील नव्हे, चार्जिंगचा छोटा दिवा लागतो. हे दिवे बहुधा एकाच जागी बिघडतात. बॅटरी ठीक असते, दिवाही ठीक असतो. केबल खोचायची खोबण, म्हणजे कनेक्टर, हलू लागतो आणि चार्जिंग बंद पडते. कारागीर नवा दिवा आणतो, जुना भंगारात जातो. काही रुपयांच्या जिनसेपायी शेकड्यांचा माल फेकणे आम्हा व्यापाऱ्यांना पटत नाही, म्हणून कापडाच्या धंद्यातले असूनही या विषयावर लिहीत आहोत.

आधी खोबण खरोखर तुटली आहे का, ते पाहावे. जिथे सूत आणि कापड आहे तिथे बारीक तंतू उडतात आणि खोबणीत जाऊन घट्ट बसतात. मग केबल पूर्ण आत जात नाही आणि आपण कनेक्टर गेला असे समजतो. लाकडी दातकोरणीने हळूच कचरा काढावा. सुई किंवा टाचणी घालू नये. दुसरी केबलही लावून पाहावी. अर्धी दुरुस्ती इथेच होते.

तरीही चार्जिंग होत नसेल तर दिवा उघडावा. आत अंगठ्याएवढी पाटी दिसेल. स्वस्त दिव्यांत पुष्कळदा तिच्यावर टीपी ४०५६ नावाची आठ पायांची चिप असते. बाहेरून येणाऱ्या ५ व्होल्टवर एका लिथियम सेलला ४.२ व्होल्टपर्यंत भरणे आणि मग थांबणे, एवढेच तिचे काम. मायक्रो यूएसबी कनेक्टरला पाच पाय असतात, पण अशा पाटीवर कामाचे दोनच: पहिला ५ व्होल्टचा आणि पाचवा ऋण बाजूचा. मधल्या पायांची दिव्याला गरज नाही. केबलचा सगळा झटका मात्र कनेक्टरच्या लोखंडी कवचाला बसतो. कवचाचे डाख आधी सुटतात, त्यानंतर पाय तुटतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लिथियम सेलला बंद करायचे बटण नसते. तिच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर ती क्षणात तापते, पेटूही शकते. म्हणून हे काम तागे आणि गठ्ठ्यांपासून दूर, फरशीवर किंवा पत्र्यावर करावे. सेलची धन तार आधी सोडवून तिच्या टोकाला टेप लावावी. दोन्ही तारा एकाच कात्रीत कधीही कापू नयेत, कात्रीच त्यांना जोडते. सेल फुगलेली असेल तर दुरुस्तीचा विचारच सोडावा.

जुना कनेक्टर ओढून काढू नये. ओढला की पाटीवरची तांब्याची पट्टी त्याच्याबरोबर उपटून येते. सगळ्या डाखांवर फ्लक्स लावून थोडे नवे कथील द्यावे, जुने कथील त्याने लवकर वितळते. मग आळीपाळीने तापवत कनेक्टर सैल करावा. उरलेले कथील तांब्याच्या जाळीच्या पट्टीने टिपून घ्यावे. नवा बसवताना प्रथम कवचाला भरपूर डाख द्यावा, नंतर पायांना अगदी थोडा. पायांमधले अंतर मिलीमीटरहून कमी असते, त्यामुळे भिंग हाताशी ठेवावे.

पट्टी उपटली असेल तरी निराश होऊ नये. या पाटीवर खोबणीच्या दोन्ही बाजूंना धन आणि ऋण अशा खुणेच्या दोन जागा असतात. तिथे दोन तारा डाखून दिव्याच्या कवचात वेगळी खोबण बसवता येते. आम्हाला ही युक्ती जास्त आवडते, कारण पुढचा झटका पाटीला बसतच नाही. मात्र धन-ऋण उलटे लावले तर चिप जाते.

खोबण बदलायचीच तर टाइप-सी घ्यावी, आता नवे मोबाइल तिच्यावरच चालतात. घेताना पाहावे की तिच्यावर ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर आहेत. नसतील तर जुन्या चपट्या टोकाच्या केबलने चार्जिंग होईल, पण दोन्ही टोके टाइप-सी असलेल्या केबलने होणार नाही, आणि गिऱ्हाईक भांडायला येईल. असे सुटे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळते.

सेल जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने धन-ऋण तपासावे. मीटर सतत वाजत असेल तर कुठेतरी कथील पसरले आहे, ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. वाजत नसेल तर चार्जर लावून ५ व्होल्ट येतात का पाहावे आणि मग सेल जोडावी. लाल दिवा लागला म्हणजे चार्जिंग सुरू आहे. भरल्यावर निळा किंवा हिरवा लागतो. पहिले चार्जिंग डोळ्यांसमोर करावे, दुकान बंद करून जाताना नव्हे.

पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारे दुकानातले यंत्र मात्र अशा रीतीने उघडू नये. ते बहुधा भाड्याचे असते. खोबण तुटली तर देणाऱ्या कंपनीकडूनच बदलून घ्यावे.