'लाइन तोड' झाल्यावरचा इलेक्ट्रॉन

परेडमध्ये सगळी तुकडी एका पावलाने चालते तेव्हा एकेका कॅडेटची चाल ओळखता येत नाही. ती दिसते 'लाइन तोड' झाल्यावर. अतिसंवाहक पदार्थातील इलेक्ट्रॉनांचेही असेच आहे, हे वाचले आणि मला या विषयाची गोडी लागली.

१९११ साली कामेरलिंग ऑनेस यांनी पारा सुमारे ४.२ केल्विनपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विद्युतरोध नाहीसा झाला. अशा स्थितीत इलेक्ट्रॉन जोड्या करून एका लयीत वाहतात. १९८६ मध्ये बेडनॉर्ट्झ व म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडमध्ये हाच गुण शोधला. पुढच्याच वर्षी यिट्रियम, बेरियम, तांबे व ऑक्सिजन यांचे संयुग ९० केल्विनच्या वरही अतिसंवाहक ठरले. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे स्वस्त थंडावा पुरेसा झाला. पण येथे जोड्या नेमक्या कशामुळे जमतात, यावर अजून एकमत नाही.

त्यासाठी जोड्या फोडून सुटा इलेक्ट्रॉन पाहावा लागतो. हे काम प्रबळ चुंबकीय क्षेत्र करते. बारावीत आपण शिकतो की चुंबकीय क्षेत्रात विद्युतभार वर्तुळात फिरतो. पुंज सिद्धांतानुसार त्याला ठरावीक कक्षाच मिळतात. म्हणून क्षेत्र वाढवत नेले की धातूचा रोध लाटेसारखा कमीजास्त होतो, आणि त्या लाटांवरून कक्षेचे आकारमान काढता येते.

२००७ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे याच संयुगाच्या कमी ऑक्सिजन असलेल्या स्फटिकावर ६२ टेस्लापर्यंतचे क्षेत्र लावले गेले. रुग्णालयातील एमआरआयचे क्षेत्र बहुधा १.५ टेस्ला असते, त्याच्या सुमारे चाळीसपट! एवढे क्षेत्र सतत ठेवले तर वेटोळे तापून जाईल, म्हणून कपॅसिटरमधून क्षणभरच प्रचंड प्रवाह सोडतात. तेवढ्या क्षणात लाटा दिसल्या. कक्षा फारच लहान निघाल्या. शिवाय या पदार्थात धन 'होल' प्रवाह वाहतात असे मानले जाई. पण हॉल परिणामाचे चिन्ह ऋण आले!

२०११ मध्ये आणखी एक धागा मिळाला. प्रबळ क्षेत्रात या पदार्थातील विद्युतभार पट्ट्यापट्ट्यांत मांडला जातो, असे दिसले. म्हणजे जोड्या तुटल्यावर इलेक्ट्रॉन नुसते पांगत नाहीत, दुसरी रचना धरतात. या दोन रचनांमधली चढाओढ समजली, तर साध्या तापमानाला चालणारा अतिसंवाहक शोधायला दिशा मिळेल आणि तारांमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज वाचवता येईल. हे कोडे आपल्या पिढीसाठी शिल्लक आहे, याचा मला आनंदच वाटतो.