पाणी धरून ठेवणारे जाळे

सब्जाचे बी पाण्यात टाकले की थोड्याच वेळात त्याभोवती बुळबुळीत, पारदर्शक आवरण तयार होते. बी गाळणीत उपसले तरी हे पाणी निथळत नाही. त्याला कोण धरून ठेवते?

हे आवरण म्हणजे हायड्रोजेल : लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचे, पाण्याने भरलेले जाळे. जेली आणि मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही याच कुळातल्या. लेन्ससाठी योग्य असे जेल चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्तर्ले व द्राहोस्लाव लिम यांनी १९६० साली जाहीर केले.

बाळाच्या डायपरमधली पांढरी पूड असते सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची. तिच्या साखळ्यांवर ऋण प्रभार असतो आणि सोबत सोडियमचे धन आयन. जाळ्याच्या आत आयनांची दाटी, बाहेरच्या पाण्यात ते अगदी थोडे; म्हणून परासरणाने पाणी आत शिरते व जाळे फुगते. साखळ्या मधूनमधून एकमेकींना बांधलेल्या असल्याने त्या विरघळत मात्र नाहीत. ही पूड स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी शोषते.

आता वर्गात एक प्रयोग करू. नवा डायपर शिक्षकांनीच फाडून पूड अलगद काढावी. ती नाकात जाऊ देऊ नये. अर्धा चमचा पूड अर्धा पेला पाण्यात ढवळा. पाणी थिजेल. आता त्यात दोन चमचे मीठ टाकले तर काय होईल? मुलांना आधी अंदाज करू द्या, मग मीठ टाका. जेल पुन्हा पातळ होते! बाहेरही आयन वाढले, त्यामुळे पाण्याची आतली ओढ कमी झाली.

लघवी खारट असते, म्हणून डायपर शुद्ध पाण्यापेक्षा लघवी बरीच कमी शोषतो. शेतीतही हाच नियम लागू पडतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने जमिनीत मिसळण्यासाठी ‘पुसा हायड्रोजेल’ विकसित केले आहे. पण जेल पाणी निर्माण करत नाही. मिळालेले पाणी धरून ते मुळांना हळूहळू देते. पाणी क्षारयुक्त असेल, तर अशी बरीच जेले कमी फुगतात. म्हणून शेतकरी पालकांना सांगावे : पैसे खर्च करण्यापूर्वी चिमूटभर जेल विहिरीच्या आणि पावसाच्या पाण्यात वेगवेगळे भिजवून पाहा.

एक इशारा. पाण्यात फुगणारे रंगीत मणी लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. गिळलेला मणी आतड्यात फुगून वाट अडवतो. अशा मुलांवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आहेत. प्रयोगानंतरचे जेलही मोरीत ओतू नका, तिथेही ते तेच करील.