हीलिसबाईंची मेंढरं

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, लेक डिस्ट्रिक्टमध्ये, बोनेसहून फेरीने विंडरमिअर सरोवर ओलांडलं की चढणीच्या रस्त्यावर दोनेक मैलांत निअर सॉरी हे खेडं लागतं. तिथल्या हिल टॉप या घरासमोर जगभरातून आलेली माणसं उभी असतात. घर इतकं लहान, की ठरावीक वेळेची तिकिटं देऊन थोडे थोडे लोक आत सोडावे लागतात. बहुतेक जण पीटर सशाला भेटायला आलेले असतात आणि नेमका तोच इथला नाही. बीट्रिक्स पॉटर यांनी ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधल्या डंकेल्डहून आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला चित्रं काढून एक पत्र पाठवलं, त्यात पीटर जन्मला. त्या गोष्टीचं पुस्तक प्रकाशकांनी नाकारल्यावर डिसेंबर १९०१मध्ये त्यांनी पदरचे पैसे घालून २५० प्रती छापल्या. मग १९०२मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने तेच पुस्तक रंगीत चित्रांसह काढलं आणि ते तुफान खपलं.

पीटर इथला नसला, तरी हिल टॉप त्याच्याच कमाईतून आलं. मानधनात एका छोट्या वारशाची भर घालून पॉटरबाईंनी १९०५मध्ये ही ३४ एकरांची वाडी घेतली. त्या वेळी त्या ३९ वर्षांच्या होत्या आणि लंडनमध्ये आईवडिलांच्या घरी राहत होत्या. त्याच उन्हाळ्यात प्रकाशकांच्या घरातल्या नॉर्मन वॉर्नशी त्यांचं लग्न ठरलं होतं. ‘धंदेवाईक’ घराण्यातला जावई आईवडिलांना पसंत नव्हता. त्यांना फार काळ विरोध करावा लागला नाही. महिनाभरात, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने गेला. दुःख विसरायला त्यांनी शेत घेतलं, असं चरित्रांतून वाचायला मिळतं. मला ते अर्धंच पटतं. १८८२च्या उन्हाळ्यात पॉटर कुटुंब विंडरमिअरकाठच्या रे कासलमध्ये उतरलं होतं, तेव्हापासून हा मुलूख त्यांच्या मनात होता. हार्डविक रॉन्स्ली हे तिथले धर्मगुरू तेव्हा ओळखीचे झाले. पुढे १८९५मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापणाऱ्या तिघांपैकी ते एक. डोंगर-तळी बिल्डरांच्या घशात जाऊ द्यायची नाहीत, हा त्यांचा ध्यास सोळा वर्षांच्या मुलीच्या कानावर तेव्हाच पडला असणार.

हिल टॉपमध्ये फिरताना पुस्तकं हाताशी हवीत. टॉम किटनच्या गोष्टीतली बागेतली पायवाट, जेमिमा बदकीण अंडी लपवते तो रूबार्बचा वाफा, तिच्याच पुस्तकात दिसणारी टॉवर बँक आर्म्स ही शेजारची खानावळ, सगळं जागच्या जागी आहे. सॅम्युएल व्हिस्कर्स हा उंदीर टॉमला कणकेत गुंडाळतो, ती गोष्ट तर या घरातल्या खऱ्याखुऱ्या उंदरांच्या सुळसुळाटातून आली. सामान ढकलगाडीवर लादून उंदीर पळतात त्या चित्रात लांबवर लेखिकाही उभी आहे. गाडी तिचीच, आणि तिला न विचारता नेलेली. कल्पनेतल्या प्राण्यांना इतक्या नेमक्या पत्त्यावर राहायला घालणारी लेखिका विरळाच. पत्ते निअर सॉरीपुरतेच नाहीत. नटकिन खारीच्या गोष्टीतलं घुबडाचं बेट म्हणजे डरवेंटवॉटरमधलं सेंट हर्बर्ट बेट. टिगी-विंकल ही साळूसारखी काटेरी परटीण न्यूलँड्सच्या खोऱ्यातली, कॅटबेल्स डोंगराच्या कुशीतली.

बहुतेक प्रवासी हिल टॉपहूनच परत फिरतात, आणि खरी गोष्ट तर पुढे आहे.

जमीन घेताना कायद्याचं काम बघायला हॉक्सहेडचे वकील विल्यम हीलिस होते. १५ ऑक्टोबर १९१३ रोजी पॉटरबाईंनी त्यांच्याशी लग्न केलं आणि पुस्तकांचा ओघ आटला. त्यांच्या तेवीस छोट्या पुस्तकांपैकी बहुतेक सगळी त्याआधीची. नंतरच्या तीस वर्षांत मोजकी आली, तीही बरीचशी जुन्या वह्यांतून काढलेली. डोळे थकले होते हे खरं. पण मुख्य म्हणजे चित्रांतल्या सशांपेक्षा पावसात भिजणारी मेंढरं त्यांना अधिक जवळची वाटू लागली. गावात त्या ‘मिसेस हीलिस’ होत्या आणि तेच नाव त्यांना आवडे. ज्या मुलखाने लेखिका घडवली, त्यानेच ती आपल्याकडे ओढून घेतली, असं मला वाटतं.

त्यांच्या जिवाची मेंढी हर्डविक जातीची. कोकरू काळं जन्मतं, वाढता वाढता राखी होतं, तोंड पांढरंशुभ्र. लोकर खरखरीत, भाव बेताचा, पण बर्फवादळाला दाद न देणारी. वरच्या डोंगरांवर मैलोन्‌मैल गायरान आहे, कुंपण नाही. तरी प्रत्येक कळप आपल्याच हद्दीत चरतो, कारण कोकरू आईमागून हिंडत ती हद्द शिकतं. म्हणून शेताबरोबर ‘जमीनमालकाचा कळप’ही कुळाच्या ताब्यात जातो आणि शेत सोडताना तो भरून द्यावा लागतो. २००१च्या लाळ्या-खुरकताच्या साथीत कळप मारावे लागले, तेव्हा शेतकऱ्यांच्या पोटात गोळा आला तो याचमुळे. नवी मेंढी बाजारात मिळते, डोंगर जाणणारी मिळत नाही.

हीलिसबाईंनी १९२३मध्ये सुमारे दोन हजार एकरांचं ट्राउटबेक पार्क घेतलं. आजारी मेंढ्यांचं बदनाम शेत होतं ते. टॉम स्टोरीसारखे जाणते मेंढपाळ त्यांनी हाताशी धरले, प्रदर्शनांत बक्षिसं मिळवली. विंडरमिअरकाठचा कॉकशॉट पॉइंट बांधकामापासून वाचवण्यासाठी १९२७मध्ये स्वतःच्या सहीची पन्नास चित्रं अमेरिकेतल्या वाचकांना गिनीला एक या दराने विकली. १९३०मध्ये तर हजारो एकरांची मंक कॉनिस्टन जहागीर विक्रीला निघाली, तेव्हा नॅशनल ट्रस्टकडे ती घ्यायला लगेच पैसा नव्हता. बाईंनी ती विकत घेऊन टाकली, निम्मी घेतल्या भावाने ट्रस्टला दिली आणि पुढे काही वर्षं ट्रस्टच्या वाट्याचा कारभारही पाहिला. गडगे, गटारं, खंड, दुरुस्ती, कुळांची भांडणं, सगळं स्वतः. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्या वारल्या, तेव्हा ४,००० एकरांहून अधिक जमीन ट्रस्टकडे गेली. डोंगरातल्या शेतांवर शुद्ध हर्डविक कळपच ठेवावेत, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहिली होती.

ही इच्छा आज अडचणीची ठरते आहे. २०१७मध्ये युनेस्कोने लेक डिस्ट्रिक्टला जागतिक वारसा ठरवलं ते निसर्ग म्हणून नव्हे, ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून, म्हणजे मेंढपाळीने घडवलेला मुलूख म्हणून. पर्यावरणलेखक जॉर्ज मॉन्बियो यांनी त्यावर कडाडून टीका केली: मेंढ्यांनी रोपं खाऊन डोंगर बोडके केले, त्यालाच वारसा कसं म्हणायचं? कॅटबेल्सवर उभं राहून बघितलं तर त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. वर झाड औषधालाही नाही. दुसरीकडे, मेंढरं गेली तर डोंगर जाणणारे कळप गेले, आणि गडगे दुरुस्त करणारे हातही गेले.

ट्रस्टही यातून सुटलेला नाही. कॉनिस्टनजवळचं हाय यूडेल हे एके काळी बाईंच्या मालकीचं असलेलं शेत, तिथलं कुळ निवृत्त होताना, मोडून शेजारच्या शेतांत वाटायचं २००५मध्ये ठरलं. बाईंच्या इच्छेला हरताळ फासल्याची ओरड झाली. छोटं शेत परवडत नाही, असं ट्रस्टचं उत्तर होतं. हिशेबात ते बरोबर असेलही. पण बाईंनी ही शेतं घेतली तेव्हाही ती परवडत नव्हतीच; तूट भरून निघत होती पुस्तकांच्या मानधनातून.